नाशिकच्या घराचा भाव कोणत्या मापाने?

नाशिक शहरात घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या कानी पहिला जो आकडा पडतो, तो बहुधा चौरस फुटाच्या भावाचा असतो. गंगापूर रोडला अमुक, इंदिरानगरला तमुक, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे त्याहून कमी आणि म्हसरूळ-मखमलाबादकडे सरकले तर आणखी कमी, अशा रीतीने सारे शहर एका भावफलकावर मांडले जाते. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पंधरा-वीस वर्षे नोकरी करून, भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम आणि बँकेचे कर्ज यांची कशीबशी जुळणी करून जो गृहस्थ घराच्या शोधास निघालेला असतो, तो या भावफलकाच्या भरवशावर आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीचा निर्णय घेतो. तो आकडा मोठा आहे किंवा लहान आहे, ही माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की, ज्या मापाने भागून तो काढला जातो ते माप इमारतीगणिक आणि बोलणाऱ्यागणिक बदलत असते. आणि भाजक निरनिराळे धरून काढलेल्या भागाकारांची परस्परांशी तुलना करणे अंकगणिताच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

घराच्या आत प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या, म्हणजे चटई क्षेत्राच्या, प्रत्येक चौरस मीटरला खरेदीदाराचे किती रुपये पडले, हा एकच आकडा नोंदलेल्या दस्तांवरून, वस्तीवार आणि नियमाने या शहरात प्रसिद्ध व्हावा, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री सरकारच्या दप्तरात आजच पडून आहे.

जमिनीचे मोल ठरवण्यापूर्वी तिचे माप निश्चित करावे, हा विचार या मुलुखाला मुळीच नवा नाही. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी आरंभली आणि जी पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली, तिच्यात तेहतीस फुटांच्या साखळीने शेत मोजले जाई. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब तेव्हापासून आपल्या बोलण्यात इतका रुळला की, दशमान पद्धती येऊन सत्तर वर्षे होत आली तरी नाशिक तालुक्यातला शेतकरी आपली जमीन गुंठ्यांतच सांगतो. परंतु त्या पाहणीचे खरे महत्त्व साखळीत नव्हते. मोजणी पुरी झाल्यावर जमिनीची प्रतबंदी होई: मातीचा थर किती खोल, तिच्यात चुनखडी वा वाळू किती, विहिरीचे पाणी आहे की नाही, बाजारपेठ किती दूर; आणि मग त्या प्रतीनुसार एकरी सारा ठरे. आधी सर्वांना लागू असे एक माप आणि त्यानंतर प्रतीचा विचार, हा क्रम त्या अधिकाऱ्यांनी कटाक्षाने पाळला. आजच्या घरखरेदीत माप आणि प्रत यांची सरमिसळ होते, आणि बहुतेक गोंधळ तेथूनच उद्भवतो.

एककांचा गोंधळ तर उघडच आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच सुमारे १०१.१७ चौरस मीटर. चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट. आणि एका चौरस मीटरात सुमारे १०.७६४ चौरस फूट. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाल्यापासून सरकारी कागदाने दशमान पद्धती स्वीकारली आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, मिळकत पत्रिकेवर चौरस मीटरमध्ये, महानगरपालिकेच्या मंजूर नकाशावर चौरस मीटरमध्ये; इतकेच काय, परवडणाऱ्या घराला वस्तू व सेवा कराचा एक टक्क्याचा सवलतीचा दर लागू करताना केंद्र सरकारने नाशिकसारख्या, महानगर न मानलेल्या शहरासाठी जी मर्यादा घातली, तीही ९० चौरस मीटर चटई क्षेत्राची आणि ४५ लाख रुपये किमतीची. फूट काय तो खरेदी-विक्रीच्या बोलण्यात आणि जाहिरातीत उरला आहे. फुटांचे मीटर करणे हा नुसता भागाकाराचा प्रश्न, तो कोणालाही सुटेल. तथापि मी मीटरचा आग्रह धरतो, कारण मीटरमध्ये बोलू लागताच मनुष्याला सरकारी कागद समोर घ्यावा लागतो, आणि ‘सुपर बिल्टअप’ नावाच्या ज्या क्षेत्रावर आपल्याकडचे भाव वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्या क्षेत्राला या कागदांच्या रकान्यांत स्थानच नाही.

चटई क्षेत्र म्हणजे, स्थूलमानाने, भिंतींच्या आत चटई अंथरता येईल तेवढी जागा. त्यात भिंतींची जाडी मिळवली की बांधीव क्षेत्र; आणि त्यात जिना, उद्वाहनाची जागा, प्रवेशदालन, क्वचित गच्चीचा वाटा असा सामाईक भाग आणखी चढवला की सुपर बिल्टअप, ज्याला आपल्याकडे ‘सेलेबल’ असेही म्हणतात. शेवटची ही चढण किती असावी, याला मर्यादा नाही. कोणी चटई क्षेत्रावर तीस टक्के चढवतो, कोणी चाळीस, कोणी त्याहूनही अधिक. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून त्यानुसार महारेराचे कामकाज सुरू झाले, आणि चटई क्षेत्राची व्याख्या प्रथमच सबंध देशासाठी एक झाली: बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे उभे पोकळ मार्ग, केवळ त्याच घराच्या वापरातील बाल्कनी वा व्हरांडा आणि खुली गच्ची वगळायची, घराच्या आतल्या विभाजक भिंती मात्र धरायच्या. ही व्याख्या उत्तम आहे. परंतु ज्या प्रकल्पाचा भूखंड ५०० चौरस मीटरांच्या आत आहे किंवा ज्यात आठांहून अधिक सदनिका नाहीत, त्याला या कायद्याखालील नोंदणीतून सूट आहे. आणि जुन्या अभिन्यासांतल्या छोट्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती हे तर नाशिकच्या वस्त्यांचे नित्याचे दृश्य. शिवाय जुन्या घराची फेरविक्री होते तेव्हा दलालाच्या तोंडी तोच जुना, सुपर बिल्टअपचा आकडा असतो, कारण मूळ मालकाला घर विकताना तोच सांगितला गेला होता.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. उदाहरणादाखल दोन घरे घेऊ. पहिल्याचे क्षेत्र १,००० चौरस फूट सांगितले आहे आणि भाव फुटाला ४,५०० रुपये. किंमत झाली ४५ लाख. दुसऱ्याचे क्षेत्र ९०० चौरस फूट आणि भाव ४,८००. किंमत ४३ लाख २० हजार. भाव ऐकून कोणीही म्हणेल की, पहिले घर स्वस्त आणि मोठेही. आता असे समजा की, पहिल्याचे चटई क्षेत्र ६५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ६०.४ चौरस मीटर भरले आणि दुसऱ्याचे ६७५ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६२.७ चौरस मीटर. पहिल्या घराला चटईच्या चौरस मीटरमागे सुमारे ७४,५०० रुपये पडले आणि दुसऱ्याला सुमारे ६८,९००. जे घर महाग म्हणून बाजूला सारले जाणार होते, ते वस्तुतः मोठे आहे, एकूण किमतीनेही कमी आहे आणि मीटरमागे साडेपाच हजारांहून अधिक रुपयांनी स्वस्त आहे. एका कुटुंबाच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ कर्जाचे कित्येक हप्ते असा होतो.

हे मोजण्यासाठी अभियंता लागत नाही. लोखंडी टेप आणि वही पुरते. दोन शयनगृहांचे बेताचे एखादे घर घ्यावे आणि गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत टेप धरावा. बैठकीची खोली ३.०५ गुणिले ४.८८, म्हणजे १४.८८ चौरस मीटर, स्वयंपाकघर २.४४ गुणिले २.७४, म्हणजे ६.६९, एक शयनगृह ज्याला आपण ‘दहा बाय अकरा’ म्हणतो ते १०.२२ आणि दुसरे ‘दहा बाय दहा’ ते ९.३०, दोन न्हाणीघरे मिळून ५.२०, मधली अरुंद वाट २.७८. बेरीज ४९ चौरस मीटरांच्या किंचित वर जाते. आतल्या चार-सहा इंची भिंतींचे दोन-अडीच मीटर मिळवले की कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र साडेएक्कावन्न चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५५४ चौरस फूट. बाल्कनी निराळी लिहावी. हेच घर जाहिरातीत ८०० चौरस फुटांचे म्हणून आले, तर चढण जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांची आहे, हे त्या वहीवरून लागलीच कळते. घर पाहण्यास जाणाऱ्यांनी फरशीचा रंग आणि खिडकीतले दृश्य जरूर पाहावे. परंतु त्या पाच-सहा गुणाकारांना जो अर्धा तास लागतो, तो काढल्यावाचून भावाची बोलणी सुरू करू नये, असे माझे मत आहे. विक्रेता प्रामाणिक असेल तर टेप पाहून त्याला राग येण्याचे कारण नाही.

मोजमापातल्या एवढ्याशा जागेने काय अनर्थ होतो, हे नाशिककरांना कपाटांच्या प्रकरणाने दाखवून दिलेच आहे. भिंतीतल्या कपाटासाठी बांधकामाच्या मोजणीतून जी जागा सुटत असे, ती प्रत्यक्ष बांधकामात खोलीत सामावून घेतली गेली. पालिकेने आक्षेप घेतला, इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले, आणि हजारो कुटुंबे पैसे भरून, हप्ते सुरू होऊन, वर्षानुवर्षे दाखल्याविना राहिली. पुढे अरुंद रस्ते नऊ मीटर रुंद धरून वाढीव चटई निर्देशांक देण्यासारखे मार्ग काढावे लागले. दोन-तीन फूट खोलीच्या त्या खाचेचे क्षेत्र घराच्या क्षेत्रात धरले होते की नव्हते, तिचे पैसे घेतले होते की नव्हते, हे खरेदीदारांपैकी किती जणांना ठाऊक होते? चटईच्या मीटरवर व्यवहार करण्याची सवय असती, तर निदान प्रश्न तरी वेळेवर विचारला गेला असता.

आता सरकारी दराकडे वळू, कारण चौरस मीटरचा भाव म्हटले की पुष्कळांना तोच आठवतो. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांच्या पुण्यातील कार्यालयातून दरवर्षी वार्षिक मूल्यदर तक्ता निघतो. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक अधिनियमाखालील १९९५ च्या नियमांनुसार तो सिद्ध होतो. त्यात शहराचे मूल्यविभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागात खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालये, दुकाने, औद्योगिक गाळे यांचे दर चौरस मीटरला दिलेले असतात. नाशिकच्या तक्त्यात अजूनही मौजे आडगाव, मौजे दसक, मौजे पाथर्डी, मौजे कामटवाडे अशी जुनी गावे भेटतात, कारण १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी एकत्र करून हे महानगर झाले, तरी महसुली दप्तरातले गाव बदलले नाही. दस्तात लिहिलेला मोबदला आणि या तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. १ एप्रिल २०२५ पासून जे दर लागू झाले, त्यांत नाशिक महानगरपालिका क्षेत्राची वाढ ७.३१ टक्क्यांची होती, तर सोलापूरची १०.१७ टक्क्यांची, आणि त्या वेळी ‘घरे सात टक्क्यांनी महागली’ असे अनेकांनी समजून घेतले.

ती समजूत चुकीची आहे. तक्त्यातला दर शुल्क आकारण्याचा पाया आहे. बाजारात या महिन्यात कोणते घर कितीला गेले, याचा तो वृत्तांत नव्हे. २०२५ च्या आधीची दोन वर्षे हे दर जसेच्या तसे ठेवण्यात आले होते, म्हणून त्या दोन वर्षांत नाशिकच्या बाजारात किंमत हललीच नाही असे कोणी म्हणेल काय? शिवाय एका मूल्यविभागात रुंद रस्त्यावरची नवी इमारत आणि मागल्या गल्लीतली तीस वर्षांची इमारत यांचा मूळ दर एकच असतो. वयाप्रमाणे घसारा मिळतो खरा, पण पाणी किती वाजता आणि किती दाबाने येते याचा घसारा मिळत नाही. आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. तक्त्यातला सदनिकेचा दर बांधीव क्षेत्राच्या मीटरचा असतो, करारातले क्षेत्र चटईचे असते, आणि मूल्यांकन करताना चटई क्षेत्राला ठराविक गुणकाने गुणून बांधीव क्षेत्र काढले जाते. म्हणजे मीटर म्हटल्यानेही काम संपत नाही. कशाचा मीटर, हे दरवेळी लिहावे लागते. करारातल्या चटईच्या भावाशी तक्त्यातला बांधीव दर तसाच्या तसा ताडून पाहणाऱ्याला आपण फार महाग घेतले असे उगीचच वाटते, आणि उलट दिशेने ताडणाऱ्या विक्रेत्याला आपण फार स्वस्तात दिले असे वाटते.

मग खरा भाव सापडतो कोठे? तो सापडतो दुय्यम निबंधकांच्या कचेरीत. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा एक पानाचा गोषवारा निघतो, त्याला सूची क्रमांक दोन, बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’, असे म्हणतात. नोंदणी अधिनियम १९०८ चा. त्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने स्थावर मिळकतींच्या नोंदवहीची सूची विहित फी भरून पाहण्याचा अधिकार कोणालाही दिला आहे, आणि आता तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतात. हे पान एकदा निवांत वाचावे. पहिला रकाना विलेखाचा प्रकार, दुसरा मोबदला, तिसरा बाजारभाव, चौथा भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक, पाचवा क्षेत्रफळ, सहावा ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’. जुडी हा इनामी जमिनीवरचा हलका सारा. इनामे खालसा होऊन किती वर्षे लोटली, पण रकाना जागच्या जागी आहे. पुढे पक्षकार, दिनांक, शुल्क आणि शेवटी शेरा. दुसऱ्या रकान्यातल्या रकमेला पाचव्या रकान्यातल्या क्षेत्राने भागले की चौरस मीटरचा भाव हाती येतो. कोणा दलालाचा अंदाज नाही, जाहिरातीतली अपेक्षा नाही. दोन पक्षकारांनी निबंधकासमोर अंगठा आणि छायाचित्र देऊन नोंदवलेला व्यवहार.

यातल्या उणिवा मी दडवू इच्छित नाही. मोबदल्याच्या काही भागाची देवघेव कागदाबाहेर होते, ही या देशातली जुनी आणि लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे. मुद्रांक मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी मोबदला दाखवला तर त्या फरकावर दोन्ही पक्षांना आयकर लागू शकतो, त्यामुळे पुष्कळ दस्तांतला मोबदला तक्त्याच्या आसपास घुटमळतो. ज्या घरांवर बँकेचे मोठे कर्ज आहे, त्यांचा मोबदला त्या मानाने अधिक विश्वसनीय मानावा. दुसरी उणीव पाचव्या रकान्याची. त्यात कोठे चटई क्षेत्र लिहिलेले असते, कोठे बांधीव. कोठे मीटर, कोठे फूट. वाहनतळाची जागा कधी मोजलेली, कधी नुसती उल्लेखलेली. ही दुसरी उणीव दूर करणे सर्वस्वी शासनाच्या हातात आहे. त्याला नवा कायदा नको. दस्ताची माहिती संगणकात भरताना चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये सक्तीने, बाल्कनी वेगळी, वाहनतळ वेगळा आणि इमारत कोणत्या वर्षी पूर्ण झाली ते वेगळे, एवढे चार रकाने केले तरी बहुतेक काम भागेल.

परदेशांत याचे अनुभव आहेत. फ्रान्सने एप्रिल २०१९ पासून आपल्या मागील पाच वर्षांच्या स्थावर व्यवहारांची माहिती, किंमत आणि क्षेत्रफळ यांसह, सर्वांस विनामूल्य खुली केली. तेथला सामान्य नागरिक आपल्या गल्लीतले घर मीटरमागे कितीला गेले, ते घरी बसून पाहू शकतो. इंग्लंडमध्ये जमीन नोंदणी खाते प्रत्येक घराची विक्रीची किंमत जाहीर करते, परंतु तिच्यासोबत क्षेत्रफळ देत नाही, आणि म्हणून तेथल्या अभ्यासकांना क्षेत्र दुसऱ्या दप्तरातून शोधून आणून जोडावे लागते. आपल्याकडे मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक छापलेले आहेत! आपली नोंदणी या बाबतीत इंग्रजांच्या पुढे आहे, आणि तिचा उपयोग मात्र आपण करीत नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक पन्नास शहरांसाठी निघतो आणि त्यांत नाशिक आहे, ही समाधानाची गोष्ट. पण सबंध शहराचा कल एका आकड्यात सांगणारा निर्देशांक सिडकोतल्या गृहस्थाला आपल्या गल्लीविषयी काय सांगणार? अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ जन्माने नाशिकचे. शहराच्या अर्थजीवनाची पाहणी घरोघर जाऊन कशी करावी, याचा वस्तुपाठ त्यांनी पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीने घालून दिला. त्यांच्या जन्मगावी अशा पाहणीसाठी घरोघर जाण्याचेही कारण उरलेले नाही, केवळ दप्तर उघडायचे आहे.

माप एकदा ठरले म्हणजे मग प्रतबंदी, आणि तिच्यावाचून मीटरचा भावही दिशाभूल करील. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीचा जो महापूर आला, त्यानंतर शहरात निळी आणि लाल अशा पूररेषांची चर्चा घरोघर पोचली. निळ्या रेषेच्या आतल्या जागेवर बांधकामाला बंदी, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी. नदीकाठच्या एखाद्या घराचा मीटरचा भाव कमी दिसला, तर आधी नकाशावर ती रेषा पाहावी. जुन्या नाशकात, तिवंधा, भद्रकाली, काजीपुरा या भागांत, वाड्याचा मीटरचा भाव जेव्हा नवलाने कमी दिसतो, तेव्हा त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंचे हक्क, भावकीतले वाटे आणि अरुंद बोळामुळे पुनर्बांधणीवर येणाऱ्या मर्यादा यांची वजावट आधीच झालेली असते. सिडकोने वसवलेल्या नवीन नाशकात घरे भाडेपट्ट्याने दिलेली. तेथल्या मीटरची तुलना पूर्ण मालकीच्या मीटरशी करताना तो फरक ध्यानी घ्यावा लागतो. याच्या उलट कॉलेज रोडवरच्या एखाद्या चाळीस वर्षांच्या तीन मजली इमारतीतले घर मीटरमागे नव्या घराइतके महाग पडते, कारण खरेदीदार तेथे जुन्या भिंतींपेक्षा खालच्या जमिनीतल्या वाट्यासाठी आणि पुनर्विकासाच्या आशेसाठी पैसे मोजत असतो. लहान घराचा मीटरचा भाव मोठ्या घराहून बहुधा चढा असतो, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर, नळ आणि तारा यांचा खर्च दोघांनाही जवळपास सारखाच येतो. तेव्हा एका शयनगृहाच्या घराची तुलना तीन शयनगृहांच्या घराशी करू नये. आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पडतो, तर भोगवट्याचा दाखला मिळाल्यावर विकल्या गेलेल्या घरावर पडत नाही. म्हणून मीटरचा भाव काढताना अंशस्थानी केवळ करारातली रक्कम न धरता कर, वाहनतळ, सोसायटीची आगाऊ वर्गणी यांसह जे काही खिशातून जाणार ते सारे धरावे.

या सगळ्याचा कोणी असा अर्थ काढील की, इतक्या अटी असतील तर आकड्याचा उपयोगच काय. उपयोग असा की, दोन घरांचा मीटरचा भाव समोर ठेवल्यावर जो फरक उरतो, त्याचे कारण विचारता येते. पाथर्डी फाट्याजवळच्या एकाच वयाच्या, एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत मीटरमागे आठ हजारांचा फरक का, असा प्रश्न करणाऱ्या खरेदीदाराला विक्रेत्याने कारण सांगावेच लागते: पाणी, वाहनतळ, बांधकामाचा दर्जा, दाखल्याची स्थिती, जे असेल ते. भाजकच अनिश्चित असेल तर हा प्रश्न जन्मालाच येत नाही.

म्हणून माझे म्हणणे नेमके मांडतो. पाचव्या रकान्याची वर सांगितलेली दुरुस्ती शासनाने करावी. त्यानंतर दरवर्षी १ एप्रिलला नवे मूल्यदर लागू होतात, त्याच दिवशी मागल्या वर्षी प्रत्येक मौजात वा मूल्यविभागात नोंदलेल्या सदनिका-व्यवहारांचा चटईच्या चौरस मीटरमागचा मध्यक, म्हणजे सारे भाव चढत्या क्रमाने लावल्यावर नेमका मधोमध येणारा भाव, दुय्यम निबंधकांच्या प्रत्येक कचेरीत फलकावर लावावा आणि वर्तमानपत्रांना द्यावा. सरासरी नको, कारण गंगापूर रोडवरचा एखादा फार मोठा व्यवहार सबंध विभागाची सरासरी वर ओढतो. मध्यकाशेजारी किती दस्तांवरून तो काढला ती संख्या लिहावी. बारा दस्तांचा मध्यक आणि बाराशे दस्तांचा मध्यक यांना वाचक सारखेच वजन देणार नाही. नवी आणि जुनी घरे वेगळी दाखवावीत. कोणाचे नाव त्यात यावयाचे नाही, कोणाच्या घराचा क्रमांक यावयाचा नाही, म्हणजे खासगीपणाचा आक्षेपही राहत नाही. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी या मागणीला विरोध न करता ती स्वतःहून उचलून धरावी. चटईच्या मीटरवर सरळ भाव सांगणारा व्यावसायिक आज फुगवलेल्या फुटांवर कमी भाव सांगणाऱ्यापुढे महाग ठरतो, आणि हा अन्याय त्याच्यावरही आहे.

यात विलंब परवडणारा नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला, २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि पूल यांची कामे निघाली, आणि या दोन्ही गोष्टींचा दाखला देऊन शहराच्या चारी दिशांना भाव सांगितले जात आहेत. ते खरोखर वाढले की केवळ सांगितले जात आहेत, हे नोंदलेल्या दस्तांवाचून कोणालाही कळणार नाही. फलक लागेपर्यंत घर घेणाऱ्याने एवढे करावे: ज्या इमारतीत वा तिच्या शेजारी घर पाहिले, तेथले गेल्या दोन वर्षांतले सात-आठ ‘इंडेक्स टू’ मिळवावेत, प्रत्येकातले क्षेत्र चटईचे की बांधीव ते नीट वाचून एका मापावर आणावे, मोबदल्याला त्याने भागावे, आणि तो कागद हाती घेऊन मगच इसाराची रक्कम द्यावी.